लोकलहोस्ट, मुक्काम कोरेगाव

देवाशपथ सांगतो, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, बराचसा. निदान माणसं तरी खरी आहेत, फक्त नावं बदललीत. आता नावं बदलली की माणसंही थोडी बदलणारच! ज्या ऑफिसात काम थोडं आणि काम झाल्याचं जाहीर करायची घाई मोठी, तिथं किस्से आपोआप साचतात. कोरेगावच्या आमच्या माजी सैनिक मंडळात तर ते रोज झाडून काढावे लागत. मी तिथं क्लार्क होतो.

साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. अध्यक्ष सुभेदार अप्पा वार्षिक सभेत भाषणाच्या भरात बोलून गेले, "सव्वीस जानेवारीला आपलं बातमीपत्र इंटरनेटवरनं जगात जाईल. न्हाई गेलं तर ही खुर्ची सोडली!"

त्या खुर्चीवर हवालदार तात्यांचा कधीपासून डोळा. त्यांनी ते वाक्य लगेच प्रोसिडिंगमध्ये लिहिलं आणि खाली अप्पांची सही घेतली.

मंडळात कॉम्प्युटर होता. फोन नव्हता. अर्ज केला होता!

*

माझा सांगलीचा मित्र मिलिंद प्रोग्रॅम लिहून बारा फ्लॉप्या घेऊन आला. अप्पांनी त्या टेबलावर रांगेत उभ्या केल्या आणि नंबर पुकारत एकेक पुढं धाडली. सातवी काही कॉम्प्युटर वाचेना.

"अप्पा, सातवी करप्ट आहे."

"करप्ट?" अप्पा ताडकन उठले. "चौकशी लावा तिची! तवर आठवी घ्या."

"अशी मधली सोडता येत नाही हो."

"आरं, एक जवान आजारी पडला म्हणून लढाई थांबती व्हय?"

थांबली. एका फ्लॉपीसाठी मिलिंद पॅसेंजरनं सांगलीला जाऊन आला.

*

वर्गणीदारांच्या फॉर्मात एक रकाना होता, 'ई-मेल'. बहुतेकांनी लिहिलं, 'व्हय, मेल.' एकानं 'मेल, निवृत्त' असं लिहिलं.

पार्वतीकाकूंनी, म्हणजे एका दिवंगत नाईकांच्या पत्नीनं, सोबत चिठ्ठी जोडली होती : 'मी फिमेल आहे. मला अंक मिळणार का?'

*

शेवटी प्रोग्रॅम चालला. पडद्यावर अख्खा अंक दिसला!

"ह्याचा पत्ता काय?" अप्पांनी विचारलं.

"इथं 'लोकलहोस्ट' टाइप करायचं," मिलिंद म्हणाला. "पण ते फक्त याच मशीनवर दिसतं. बाहेर जायला फोनची लाइन लागते."

अप्पांनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्या वाक्याला ते छापखान्यात पोचले होते. निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत पत्ता पडला : 'लोकलहोस्ट, कोरेगाव.'

रहिमतपूरचे एक वयस्कर फौजी फेटा बांधून कोरेगाव स्टँडवर उतरले. रिक्षावाल्यानं पत्रिका वाचली आणि त्यांना थेट मुलींच्या होस्टेलच्या दारात सोडलं!

वॉर्डनबाई बाहेर आल्या. "आपण कुणाचे पालक?"

"पालक न्हाई बाई, वाचक!"

*

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, हॉल गच्च भरला. तात्या प्रोसिडिंग घेऊन पहिल्या रांगेत. अप्पांनी 'पाठवा'वर माऊस दाबला. पडद्यावर आलं, 'अंक पाठवला.' टाळ्या!

त्या थांबायच्या आत त्याच पडद्यावर आलं, 'नवीन पत्र : १.' तपासणीसाठी मिलिंदनं यादीत याच मशीनचा पत्ता घातला होता.

तात्या जवळ जाऊन वाकले. "आवं अध्यक्ष, ह्यो आपलाच अंक! ह्यो हितंच हाय की!"

मिलिंद टेबलाखाली नसलेली वायर शोधायला लागला.

"तात्या," अप्पा शांतपणे म्हणाले, "पृथ्वी गोल हाय का न्हाई?"

"हाय."

"मग सरळ गेलेला अंक कुठं पोचंल? जग फिरून आलाय त्यो!"

आधीपेक्षा दुप्पट टाळ्या! पण तात्या तसे सोडणारे नव्हते. "बाहेरच्या एका तरी माणसाला मिळाल्याचा पुरावा द्या. महिन्याच्या आत. न्हाईतर खुर्ची."

*

विसाव्या दिवशी सियाचीनहून एका जवानाचं अंतर्देशीय पत्र आलं. तात्यांनीच ते फोडलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं : 'अंक मिळाला. लय आनंद झाला. पान दोनवर माझं नाव शिंदे पडलंय. मी शिर्के. दुरुस्ती करावी.'

मशीन चालू केलं. पान दोन काढलं. शिंदे!

अंक कागदावर कधी छापलाच नव्हता. फोनची लाइन त्यानंतर दीड वर्षानं आली. मी मिलिंदकडं बघितलं, मिलिंदनं अप्पांकडं, अप्पांनी माझ्याकडं. तात्यांनी प्रोसिडिंग मिटलं, अप्पांना कडक सॅल्यूट ठोकला आणि ते चहा न घेता गेले.

आता कबुली. सियाचीन मी घातलंय. पत्रावरचा शिक्का पुसट होता. ते कुठून आलं, त्याचा पत्ता आम्हांला आजपर्यंत लागलेला नाही.