डॉक्टरीणबाईंशी भांडायला गेलेला सलूनवाला

लेकीला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा त्रास आहे, हे डॉक्टरीणबाईंचं निदान सलूनवाल्याला काही केल्या पटेना. पोरगी जरा उनाड, बाकी काय! बायको-लेकीला घेऊन तो बाह्या सरसावून त्यांच्याशी वाद घालायला गेला.

“अहो, लहानपणी मीही अस्साच होतो!”

“होतात?” बायको म्हणाली. “काल गिऱ्हाइकाची अर्धी दाढी टाकून रस्त्यावरचं भांडण बघायला कोण पळालं?”

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. “शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना खुशाल दाखवा.” मग त्यांनी लेकीला समजावलं, की तिचं लक्ष टिकत नाही यात तिचा दोष नाही.

लेक उडालीच. “बघ बाबा! मी मुद्दाम नाही करत!”

रोज ‘मुद्दाम करतेस’ म्हणून तिच्यावर खेकसणाऱ्या बापाने तिला जवळ घेतलं. त्याने हात जोडले.

“दुसरे डॉक्टर कशाला, बाई? आता पुढचं सांगा.”