आबांच्या सीटला अकरा टाके

आबांच्या सायकलचं सीट फाटलं ते नेकनूरच्या रस्त्यावर, सकाळी सकाळी. फाटताना त्यानं आबांना असा चिमटा काढला, की निवृत्त मुख्याध्यापक असलेला माझा बाप तीन किलोमीटर सायकल हातात धरून चालत घरी आला. कुठं लागलं ते मात्र सांगेना. मी पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माणसाच्या अंगाचा एकही भाग मी बघायचा शिल्लक ठेवलेला नाही. तरी आबा म्हणाले, "काय न्हाई झालं. मलम दे अन् बाहेर जा." मी मलम दिलं आणि बाहेर जाऊन पोटभर हसले.

मग सीट बघितलं. जुन्या पद्धतीचं, जाड चामड्याचं, खाली स्प्रिंगा असलेलं सीट. पुढच्या टोकापासून मागं वीतभर उभं उकललं होतं. माणूस बसला की फाटलेले दोन्ही काठ फाकायचे आणि जरा उठला की मिटायचे. आमच्या रस्त्यावर माणूस बसतो कमी आणि उडतोच जास्त, त्यामुळे आबांचे किती हाल झाले असतील याचा मला अंदाज आला. मी परत हसले. आबांनी आतून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काय न्हाई झालं."

ही सायकल आबा मास्तर झाले तेव्हाची. आमच्या वस्तीतली पहिली. त्या काळी आमच्या माणसानं गावाच्या मधल्या गल्लीतून सायकलवर बसून जावं, हे बऱ्याच लोकांच्या पचनी पडत नव्हतं. तिथं उतरायचं, हातात धरून न्यायची आणि गल्ली संपली की बसायचं. आबा उतरले नाहीत. ताठ बसून, घंटी वाजवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. लोक काही बोलले का, असं मी एकदा विचारलं होतं. आबा म्हणाले, "बोलले असतील. मला घंटीत ऐकूच आलं न्हाई."

आता आबांनी ऐंशी ओलांडलीय. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, का नाही ते फार लांबलचक प्रकरण आहे. आई गेल्यापासून आबांचा दिवस सायकलवर चालतो. मी ड्यूटीला निघाले की ते नेकनूरला निघतात. तिथल्या हॉटेलात चहा घेतात, सगळ्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात, दोघातिघांशी भांडतात आणि भूक लागली की परत येतात. एवढ्यावर हा माणूस ठणठणीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेशंटना मी हेच औषध लिहून दिलं असतं, पण मला लिहायचा अधिकार नाही.

मी मागचापुढचा विचार न करता बीडहून नवंकोरं सीट आणलं. जाड, गुबगुबीत, फोमचं. आबा त्यावर बसले आणि त्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर राहिले. खाली घ्यावं तर सीट आधीच तळाला टेकलेलं. "ह्याच्यावर बसलं की कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतंय," आबा म्हणाले. तरी गेले. आणि हॉटेलासमोर, सगळ्या मंडळींच्या देखत, उतरताना कलंडले. लागलं काहीच नाही. पण घरी येऊन त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि खुर्ची ओढून बसले.

ते बसलेच. पहिल्या दिवशी मला वाटलं, रुसलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी मला विचारलं, "दुपारी भाजी काय करणार?" जन्मात कधी न विचारलेला प्रश्न. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोनदा नखं कापली. चौथ्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर ते त्याच खुर्चीत, त्याच सदऱ्यात, भिंतीकडे बघत होते. मला धडकी भरली. खुर्चीत बसलेली म्हातारी माणसं पुढं कुठं जातात ते मी दवाखान्यात रोज बघते. काहीही झालं तरी जुनं सीट शिवून घ्यायचं, असं मी तिथल्या तिथं ठरवलं.

आमच्या घरात हे सोपं काम नव्हतं. माझ्या आजोबांना गावात कुणाचं जनावर मेलं की बोलावणं यायचं. ताटावरून उठून जायचं, ते ओढून न्यायचं, सोलायचं. जाणार नाही म्हणायची सोयच नव्हती. ते धम्मदीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी ओढायचा दोर चुलीत घातला आणि सांगितलं, आजपासून या घरातला हात कातड्याला लागणार नाही. आबा तेव्हा लहान होते, पण तो दोर जळताना किती धूर झाला ते त्यांना अजून आठवतं. आबांनी जन्मभर कॅनव्हासचे बूट घातले. सीट तेवढं सायकलबरोबर आलेलं. ते कसं चालतं, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्याच्यावर बसायचं हाय बाई. त्याची सेवा करायची न्हाई." आणि खरंच, त्या सीटला त्यांनी कधी तेलाचं बोटसुद्धा लावलं नाही. ते फाटणारच होतं.

म्हणून मी सीट पिशवीत घालून मांजरसुंब्याला गेले. तिथं चौकात एक जण चपला शिवायला बसायचे, हे मला पक्कं आठवत होतं. बघते तर त्या जागी काचेचं दुकान, आत रंगीबेरंगी स्पोर्ट शूज आणि गल्ल्यावर तेच गृहस्थ, चष्मा लावून. मी सीट पुढं ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, अंगठ्यानं दाबलं.

"लई भारी माल हाय हा, ताई. आता असलं बघायला मिळत न्हाई."

"मग द्या की शिवून."

"न्हाई शिवत आता. पोरगा ब्यांकेत लागला तव्हा त्याला शब्द दिलाय, आरी धरणार न्हाई म्हणून."

मी कपाळाला हात लावला. "भाऊ, आमच्या घरातही असाच शब्द दिलेला आहे. सत्तर वर्षं होत आली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. काय ते दोघांनाही कळलं आणि आम्ही दोघंही मोठ्यानं हसायला लागलो. शूज बघायला आलेलं गिऱ्हाईक दचकलं. ज्या कामापायी पिढ्या गेल्या ते काम दोन्ही घरांनी सोडलं, मुलं शिकली, सगळं चांगलं झालं. फक्त सीट शिवायला आता अख्ख्या चौकात कुणी नाही!

"तुमी करता काय?" त्यांनी विचारलं.

"नर्स आहे."

"म्हंजी टाके घालता?"

"डॉक्टर दुसरीकडं अडकले की मीच घालते."

"मग मला कावून इचारता?" ते उठले आणि आतल्या खणातून एक आरी काढून आणली. लाकडी मुठीची, टोकदार, वापरून वापरून मूठ गुळगुळीत झालेली. बरोबर मेण लावलेला दोरा, दोन जाड सुया आणि आतून लावायला जुन्या पट्ट्याचा तुकडा. "वडलांची हाय. टाकवत न्हाई म्हणून ठिवली. काम झालं तरी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." मग त्यांनी मला सगळं शिकवलं. सीटच्या नाकाखालचा नट आधी ढिला करायचा म्हणजे कातडं सैल पडतं. आरीनं भोकं पाडून घ्यायची. दवाखान्यातली सुई इथं चालवायची नाही, वाकून जाईल. हे सांगताना त्यांचे हात हवेत आपोआप चालत होते. मला ते बघून फार बरं वाटलं.

घरी येऊन मी आबांसमोर सगळं मांडलं. लपवून करणं माझ्या स्वभावात नाही. आबांनी आरीकडे बघितलं आणि मान फिरवली.

"ह्या घरात न्हाई."

"आबा, सीट शिवायचंय. ढोर सोलायचं नाही."

"माझ्या बापाचा शब्द हाय."

माझं डोकं फिरलं. "मी रोज कातडंच शिवते! माणसाचं! मागच्या महिन्यात एकाचं डोकं शिवलं, तुम्हीच हॉटेलात सगळ्यांना सांगत होता ना?"

"ते येगळं."

"कावून वेगळं?"

 वर्गात पोरानं अडचणीचा प्रश्न विचारला की मास्तर करतात तेच आबांनी केलं, उठून पाणी प्यायला गेले. मी रागारागानं भाकऱ्या थापल्या. जेवताना मला सारखं वाटत राहिलं की मी फार बोलले. आजोबांचा शब्द मलाही प्रिय आहे. पण खुर्चीतला बाप मला बघवत नव्हता.

सकाळी चहा घेऊन गेले तर आबा खुर्चीत नव्हते, सायकलजवळ उभे होते. सदरा बदललेला. त्यांनी मला समोर उभं केलं, तोंडी परीक्षेला करतात तसं.

"तुला हे शिवायला कुणी बोलावणं धाडलं का?"

"नाही."

"शिवलं न्हाई तर कुणी दम देणार हाय का?"

"नाही, आबा."

"शिवून झाल्यावर कुणाच्या दारात भाकर मागायला जायचंय?"

"काहीतरीच काय!"

"मग माझ्या बापानं सोडलं ते हे न्हवं," आबा म्हणाले. "त्यानं बोलावणं सोडलं. मी रातभर इचार केला. शिव तू."

मला एकदम भरून आलं. पण आबांना रडणं आवडत नाही, म्हणून मी लगेच नट फिरवायचा पान्हा शोधायला गेले.

अंगणात पोतं अंथरून मी बसले. नट ढिला केला, आतून पट्टी लावली, भोकं पाडली. तिथपर्यंत ठीक चाललं होतं. टाका ओढताना मात्र काठ जुळेनात. एक काठ धरावा तर दुसरा सरकतो. दवाखान्यात जखम दाबून धरायला कुणीतरी असतं, इथं मी एकटी. आबा बाजूला हात मागं बांधून उभे होते. तीनदा माझा दोरा निसटला, चौथ्यांदा मी एक शिवी दिली. आबा खाली बसले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते काठ घट्ट धरले.

"घाल," म्हणाले.

 मी त्यांच्या बोटांमधून टाके घालत गेले. अकरा झाले. शेवटची गाठ मी दवाखान्यातल्यासारखीच मारली. आबांनी अंगठा टाक्यांवरून फिरवला आणि म्हणाले, "दुखलं न्हाई हां त्याला."

नट आवळला, सीट सायकलवर चढवलं आणि आबा निघाले, ते दुपारी दोनपर्यंत परत आले नाहीत. मी दारात चार वेळा जाऊन आले, आल्यावर काय काय बोलायचं त्याची तयारीही केली. आले ते घामाघूम, पोटात कावळे आणि तोंडभर हसू. हॉटेलात पेपर बाजूलाच राहिला म्हणे. प्रत्येकाला सायकलपाशी नेऊन त्यांनी सीट दाखवलं होतं. "अकरा टाके! माझ्या पोरीनं घातले. हात लावून बघा." मी तयार केलेलं सगळं भाषण विसरले.

व्हायचं तेच झालं. दोन दिवसांनी मेंढरं पाळणारे एक पाव्हणे दारात आले. मोठ्या घरचे, गावच्या मधल्या गल्लीतले. हातात मेंढराच्या घंटेचा तुटलेला चामडी पट्टा. माणूस भला, मनात काही नाही, पण सवयीनं दारातूनच आबांना म्हणाले, "गुरुजी, तेवढा पट्टा शिवून द्या म्हनावं पोरीला."

मी आतून ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पदर खोचून बाहेर आले, तर आबा शांतपणे त्यांना म्हणत होते, "मला कावून सांगता? ती हाय ना समोर. तिला इचारा."

पाव्हणे जरा गडबडले. मग टोपी सारखी करून माझ्याकडे वळले. "ताई, एवढा पट्टा शिवून देता का?"

"न्हाई," मी म्हणाले. "आरी देते, दोरा देते, चहाही देते. बसा, तुमचा तुम्ही शिवा."

ते जे हसत सुटले, ते आमच्या अंगणात पोत्यावर बसूनच थांबले. त्यांना टाका काही जमेना. आबा खुर्ची ओढून समोर बसले आणि त्यांना पहिलीतल्या पोरासारखं शिकवायला लागले. मी चहा टाकला. आत चुलीपाशी उभी राहून तो "न्हाई" मी मनातल्या मनात दोनदा परत म्हणून बघितला. माझ्या आजोबांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.