आत्याच्या पाकिटावरचं नाव

माझ्या आत्याला एका जागी बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या अंबड तालुक्यात सापडायचा नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती अर्ध्या जेवणातून उठते, कारण मांडवामागच्या कुंपणावर कुणाचा तरी दोडका वाळलेला असतो. एकदा शहागडहून येताना एसटीच्या खिडकीतून तिला लाल भेंडी दिसली आणि तिने थेट घंटीची दोरीच ओढली. "जल्दी थांबव, शेंग तडकली की बी गेलं!" आम्ही दोघं उतरलो, माझी पिशवी तशीच पुढे गेली. तिच्या घरी पाहुण्याला कोरडा टॉवेल मिळत नाही. ओल्या टॉवेलात शंभर दाणे गुंडाळून किती उगवले ते ती दिवसातून चारदा मोजते.

खताची गोणी कधी न शिरलेल्या तिच्या दीड एकरातलं बी लोक लांबून मागायला लागले, म्हणून मीच माझ्या छपाईच्या दुकानात तिला पाकिटं छापून दिली. वर ठळक अक्षरांत तिचं नाव. जन्मभर कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणून ओळखली गेलेली ही बाई ते पाकीट हातात घेऊन संध्याकाळपर्यंत अंगणात येरझारा घालत होती.

पुढच्याच बाजारात कृषी खात्याचे साहेब आले. "आजी, घरचं बी सुटं विका, कुणी अडवणार नाही. पण नाव छापून विकायला परवाना लागतो."

"म्हंजे बी चालतं, मी चालत न्हाई?"

साहेब ओशाळले. नियम काही त्यांनी केलेला नव्हता.

परवान्यासाठी आम्ही खेटे घातले. अर्जात गोदामाचा पत्ता मागितला होता आणि तिचं गोदाम म्हणजे राखेत बी ठेवलेली सात गाडगी. शेवटी तिने सगळी पाकिटं फोडून बी टोपलीत ओतलं. लांबची गिऱ्हाइकं तुटली. सुट्या बियाण्यावर अनोळखी माणूस भरवसा ठेवत नाही.

परवा बाजारात आष्टीकडच्या एका बाईने मूठभर वाळकाचं बी घेतलं. "कुणाचं हाय?" साहेब येतायत का म्हणून आत्याने आधी रस्त्याकडे पाहिलं. "घरचं," ती म्हणाली. बाई गेली. आत्याची चुळबुळ मात्र थांबेना.

"काय रं, नाव तोंडानं सांगितलेलं चालतं ना? का त्यालाबी परवाना?"

"बिलकुल चालतं, आत्या."

टोपली माझ्यापुढे ढकलून ती त्या बाईमागे पळाली. गर्दीतून तिचा आवाज तेवढा येत राहिला. नाव मात्र मला ऐकू आलं नाही.