माशांचं शिळं पाणी

गेल्या वैशाखात, मंगळवारी दुपारी पावणेचारला, अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या घरी पाच माशांवर अन्याय झाला. करणारी माझी आई. मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात माईक धरून पाणी वाचवण्यावर भाषण ठोकत होते.

काचेची टाकी मी मधल्या खोलीत मांडली होती. उन्हाळ्यात आमच्या खिडक्या बंद, भरदुपारी अंधार. म्हणून कमी उजेडात जगणारी झाडं आणली, त्यातलं जावा फर्न दोऱ्यानं टाकीतल्या ओंडक्याला बांधलं, आणि महिनाभर नुसती वाट पाहिली. वाळूत न दिसणारे जिवाणू वसतात, माशांची घाण पचवतात, तेव्हा कुठं पाणी माशांच्या लायकीचं होतं. येईल त्या पाहुण्याला मी हे मुद्देसूद ऐकवलं. आईला सांगायचं राहिलं. ती काय, घरचीच.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी मात्र साठवलेलं पाणी एकाएकी शिळं होतं. सकाळपर्यंत जे तांब्यातांब्यानं पुरवलं, ते दुपारी मोरीत. या खोडीविरुद्ध मी पत्रकं काढली, गल्लीभर वाटली. आपलं घर सोडून.

संध्याकाळी येऊन पाहते तर टाकी लख्ख. वाळूसुद्धा धुतलेली. चार मासे पोट वर करून, पाचवा वरवर येऊन तोंड उघडमीट करतोय.

"आई, पाणी काहून बदललं?"

"किती दिसाचं होतं ते, पोरी. नळ आला तं ओतलं. पाहुण्याले तरी आपण शिळं देतो का?"

"चार मेले."

"साबण नाई लावला मी," आई हळू म्हणाली. "ताजंच तं देल्लं."

पेपरामागून बाबांनी विचारलं, "भाषण कसं झालं तुह्यं?"

नळाच्या पाण्याला औषधाचा वास मारत होता. पाचव्याला वाचवायला कालचं, उघडं राहून औषध उडून गेलेलं पाणी हवं होतं. बादली घेऊन मी दारोदार फिरले. माझं पत्रक ज्यांच्या दारामागं चिकटलेलं, त्यांचेही ड्रम ताज्या पाण्यानं काठोकाठ.

"शिळं? कवाच ओतलं. तुले काहाले पायजे?"

शेवटी कोपऱ्यावरच्या काकू. आळशी म्हणून गल्लीत बदनाम. माझं पत्रक त्यांनी न वाचता डब्याखाली अंथरलेलं.

"ने बाप्पा, दोन बादल्या ने. ओताचा कंटाळा आला होता मले."

मासा जगला. आई आता त्याच्यासाठी एक बादली उघडी ठेवून शिळी करते, आणि आमचा माठ नळ आला की मोरीत ओतते. "मासोळीचं येगळं, आपलं येगळं."

पत्रकं लिहून काय होतं ते मी पाहिलं. म्हणून आता तुम्हाला एकच सांगते. तुमच्याकडे नळ येईल त्या दिवशी आधीच भरलेल्या ड्रमाला ओतायला हात लावू नका. त्या काकूंसारखा आळस करा.