भागाकाराच्या तासाला पाणी

शिवणकाम करणाऱ्या ताई छातीचं माप घेतात, मग टेप दोनदा दुमडून त्याचा चौथा भाग कापडावर खुणावतात. वीस वर्षं असंच चाललंय. भागाकार त्यांना येत नाही, आणि तो का येत नाही हे त्या एक दिवसही विसरलेल्या नाहीत.

चौथीत गणिताच्या तासाला सर त्यांना आणि आणखी दोघींना शाळेच्या बागेत पाठवायचे. तिघींच्याही आया लोकांकडे धुणीभांडी करायच्या. "तुमच्या हातांना कामाची सवय आहे," असं सर अगदी प्रेमानं म्हणायचे. मी शेजारच्या वर्गावर होते. खिडकीतून त्या तिघी झाऱ्या घेऊन जाताना दिसायच्या. बाग छान झालीय, एवढंच मी म्हणायचे.

यंदा शाळेत पुन्हा बाग करायचं निघालं. पालक समितीत मतं समसमान पडली आणि उरलं ताईंचं मत. त्यांचा धाकटा तिसरीत आहे. सर आता निवृत्त, नात चौथीत, म्हणून बागेची बाजू मांडायला मुद्दाम आले होते. मुलं मातीत रमतात, भाजी आवडीनं खातात, धीर धरायला शिकतात, असं बराच वेळ बोलले. विरोधकांचं म्हणणं, पाणी पुरत नाही, तास बुडतात, सुट्टीत सगळं वाळून जातं. ताई बटणं लावत ऐकत होत्या. मग दातानं दोरा तोडून म्हणाल्या, "सर, भागाकार कुठल्या महिन्यात शिकवलात हो?"

सरांना आठवेना.

"मलाही नाही आठवत. मी टोमॅटोंना पाणी घालत होते."

कुणीतरी हसलं.

"अगं, पण बाग किती फुलली होती," सर म्हणाले.

"फुलली होती ना. म्हणून माझं मत बागेलाच."

अटी मात्र दोन घातल्या. पाळी हजेरीच्या क्रमानं सगळ्या मुलांची, पण गणिताच्या तासाला कुणाचीही नाही. आणि पहिला महिनाभर त्या तासाला पाणी सरांनी घालायचं. त्यांना वेळ आहे, शिवाय धीर धरायलाही शिकता येईल. इतकं बोलून बसल्यावर सरांना नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

सोमवारी गणिताच्या तासाला सर झारी घेऊन वाफ्यांवर वाकले. ताई चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकाशी गेल्या. सरांच्या नातीनं दप्तर सरकवून त्यांना जागा दिली. वर्गाच्या बाईंनी फळ्यावर छत्तीस भागिले चार लिहून रीत समजावली. ताईंचा हात सवयीनं गळ्यातल्या टेपकडे गेला. टेप त्यांनी काढून पिशवीत टाकला आणि वहीत मांडून उत्तर काढलं.

मग खिडकीशी जाऊन, सर म्हणायचे तितक्याच प्रेमानं म्हणाल्या, "कोपऱ्यातला वाफा राहिला हं."

सर कोपऱ्याकडे मागे फिरले. ताई पुढचं गणित मांडायला बसल्या.