खण आतून कोरडा

गोदीत त्याला सगळे कोरडेसाहेब म्हणत. आडनाव नव्हे हो, टोपणनाव! जहाज सुटण्याआधी माल ठेवायच्या खणाची लोखंडी झाकणं गळतात का, हे तपासून तो दाखला द्यायचा. दाखल्यात वाक्य ठरलेलं: ‘झाकणं घट्ट, खण आतून कोरडा.’

नियम असा, की वरून पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि आपण खाली खणात उभं राहून थेंब शोधायचा. सुरुवातीला उभा राहायचाही बिचारा. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, आणि कप्तानाच्या केबिनमध्ये खुर्ची मऊ होती. मग काय, चहा संपेस्तोवर दाखला तयार. वीस वर्षांत कुठे काय बिघडलं?

बिघडलं ते धाकट्या बहिणीचं. नवरा गेल्यावर तिने गल्लीतल्या चौदा बायका जमवून स्वेटर विणायला घेतले होते. परदेशातली पहिलीच मोठी मागणी. आठ महिने सगळ्या जणी खपल्या, आणि माल भिजून, कुजून परत आला. भरपाई मिळाली नाही तर कारखान्याला कुलूपच.

“लोकरीचाच दमटपणा,” जहाज कंपनीने हात झटकले. कोरडेसाहेब पेटला. खारं पाणी ओळखायचं औषध आणून त्याने स्वेटरच्या डागावर दोन थेंब टाकले. डाग दुधासारखा पांढरा झाला.

“समुद्राचंच पाणी! आता बघतोच कशी देत नाहीत ते.”

“दादा, तू आहेस म्हणून रे,” बहीण रडत म्हणाली.

कंपनीचं उत्तर आलं. समुद्राचं पाणी मान्य. पण जहाज निघताना धडधाकट होतं, आम्ही काळजीत कसूर केली नाही, सबब जबाबदारी आमची नाही. सोबत दाखला जोडला होता. जहाजाचं नाव तोवर त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. वीस वर्षांत एक तरी नाव लक्षात ठेवलं होतं का मेल्याने!

“दादा, ही सही तुझी?”

“माझी.”

“खाली उतरून बघितलं होतंस ना?”

‘नाही’ एवढं म्हटलं असतं, तर तिचा दावा उभा राहिला असता. त्याचा परवाना गेला असता, अब्रूही गेली असती.

“बघितलं होतं,” तो म्हणाला. “कोरडा होता.”

तिने कागदाची घडी घातली. “मग माझंच नशीब फुटकं,” म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेली.