पोटमाळ्यावरून खाली

उल्हासनगरात शाळेच्या गणवेशांचं एक दुकान आहे. त्याच्या पोटमाळ्यावर विठा चौदा वर्षं शिलाई मशीन चालवत होती. दुकान खाली, गिऱ्हाईक खाली, मुलं खाली. वर ती, मशीन, एक टेबलफॅन आणि दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपली. खालून टोपलीतून पँट किंवा स्कर्ट वर यायचा. त्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली असायची. कंबर दोन इंच आत. उंची दीड इंच कमी. विठा उसवायची, कापायची, टीप मारायची आणि टोपली खाली सोडायची. सकाळी मागच्या जिन्याने यायची, संध्याकाळी त्याच जिन्याने जायची. मे-जूनच्या सीझनला तर डबासुद्धा मशीनवरच उघडायचा. हजारो मुलांच्या कंबरा तिला पाठ होत्या, चेहरा मात्र एकाचाही ठाऊक नव्हता.

चिठ्ठ्या ती फेकत नसे. बुटांच्या रिकाम्या खोक्यात शाळेप्रमाणे लावून ठेवायची. कशाला, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. एका वर्षी तिच्या लक्षात आलं की एका शाळेच्या सव्वीस नंबरच्या जवळजवळ सगळ्या पँटी कंबरेत बारीक करायला वर येतायत. सासऱ्यांच्या मागे दुकान सांभाळणारी सोनिया काही कामासाठी वर आली, तेव्हा विठाने सांगून टाकलं.

"भाभी, त्या शाळेची मुलं उंच आहेत पण हडकुळी आहेत. सव्वीसची उंची आणि चोवीसची कंबर, अशीच पँट शिवून घ्या ना."

सोनियाने शंभर शिवून घेतल्या. आठवड्यात संपल्या. पुढच्या वर्षी ती स्वतःहून विचारायला वर आली आणि तिसऱ्या वर्षी तर दुकानाची अख्खी ऑर्डर पोटमाळ्याच्या फरशीवर बसून, खोकी उघडून ठरली.

मग एकदा फेब्रुवारीत सोनिया वर येऊन कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

"विठाताई, बदलापूरला दुसरं दुकान टाकतेय. मॅनेजर तुम्ही."

विठाने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मला कॉम्प्युटर येत नाही, भाभी. मी नववी शिकलेली बाई."

"कॉम्प्युटरवर बिलं करायला खालची संध्या येतेय. पण माल किती मागवायचा ते कोण सांगणार? मी तीन वर्षं तुम्हालाच विचारते ना?"

"आणि कमलेशभाऊ?"

"तो पण येतोय. तुमच्या हाताखाली."

कमलेश सोळा वर्षं काउंटरवर होता. मापं तोच घ्यायचा, चिठ्ठ्याही त्याच्याच अक्षरातल्या. नवीन दुकान निघालं तर ते कमलेशचं, असं सगळे धरून चालले होते. कमलेशही.

विठाचं घर अंबरनाथजवळच्या गावात. नवरा अनंता आनंदनगरच्या एमआयडीसीत पाळीने कामाला. जेवताना तिने त्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे आता लोक तुला विचारणार?"

"हो."

"काय विचारणार?"

"काय करायचं ते."

बावीस वर्षांच्या नोकरीत अनंताला काय करायचं ते सांगणारे पुष्कळ भेटले होते. विचारलं कुणीच नव्हतं. ताट बाजूला सारून तो म्हणाला, "मग नवी चप्पल घे. दिवसभर उभी राहशील."

बदलापूरचं दुकान जूनच्या पहिल्या रविवारी उघडलं. विठा आत शिरली तशी दुकानातली आठही माणसं उभी राहिली. कुणी मोठं माणूस आलं असेल म्हणून तीही बाजूला सरकली. मग तिला कळलं. कमलेश सगळ्यांच्या मागे उभा होता. इतकी वर्षं तो तिला विठाताई म्हणायचा. आज म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम." एवढं बोलून तो मोज्यांचे गठ्ठे सोडायला लागला.

दहा वाजता शटर वर गेलं आणि मुलं आत आली.

विठा काउंटरला हात टेकून उभी राहिली. दात पडलेली मुलं, तेल चोपडलेली मुलं, आईच्या ओढणीत तोंड लपवणारी, आरशासमोर वाकुल्या दाखवणारी. एक जाडगेला मुलगा पोट आत ओढून धरत होता, म्हणजे वडिलांनी मोठा नंबर घेऊ नये. बत्तीस कंबर, तिने मनात म्हटलं. ती वेणीवाली अठरा. तो चष्मेवाला, उंच आणि हडकुळा, चोवीस. आकडे तेच होते, चौदा वर्षं तिच्या हाताखालून गेलेले. पण ते हसत होते, रडत होते, पळत होते. चौदा वर्षं मी यांचे कपडे बेतत होते, तिला वाटलं, आणि हे एवढं सगळं खाली चाललं होतं.

"मॅडम, टाय संपले वरच्या रॅकचे." "मॅडम, हे बदलून मागतायत." "मॅडम, एसी वाढवू?" तीन बाजूंनी तिघं तिच्या तोंडाकडे बघत थांबले होते. ती जे बोलेल ते होणार होतं. ती बोलली आणि खरंच ते झालं. तिला त्याचीच भीती वाटली, आणि नवलही.

बाराच्या सुमारास एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर आली. डाव्या पायात जाड तळाचा बूट. पीटीची पँट हवी होती. नवीन लागलेली सेल्सगर्ल टेप घेऊन पुढे झाली, मुलीला भर दुकानात मधोमध उभं केलं आणि मोठ्याने म्हणाली, "हा पाय..."

पुढचं बोलायच्या आत कमलेश काउंटर ओलांडून आला होता. टेप त्याने तिच्या हातातून अलगद घेतली.

"मी बघतो. कोणती शाळा? दहावी ना? मग तर तुझा मान पहिला."

बोलता बोलता त्याने तिला पडद्यासारख्या लावलेल्या रेनकोटांच्या मागे नेलं. कंबर मापली. उजवा पाय मापला. मग मोजे निवडायला तिला बसवलं आणि समोर उकिडवं बसून, मोज्याचा नंबर बघायच्या निमित्ताने, डावाही मापून घेतला. मुलीच्या लक्षातसुद्धा आलं नसावं. त्याने चिठ्ठी लिहून विठाच्या हातात दिली. तिच्याकडे बघितलं नाही.

डावा पाय दीड इंच कमी.

विठाला आठ वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी आठवली. अशीच, फक्त एक इंचाची. चूक असेल म्हणून तिने मागच्या बाजूला प्रश्न लिहून ती टोपलीतून परत पाठवली होती. उत्तर आलं, 'बरोबर आहे. वरून ओरडून विचारू नका, मुलगी इथेच उभी आहे.' त्यानंतर दर जूनला ती पँट यायची. आतली दुमड अशी राखायची की बाहेरून दोन्ही पाय सारखे दिसावेत, हे विठाने स्वतःच ठरवलं होतं. एका वर्षी पँट आली नाही तेव्हा ती चार दिवस अस्वस्थ होती.

"आम्ही उल्हासनगरहून इकडे राहायला आलो," मुलीची आई कमलेशला ओळखून सांगत होती. "तिकडच्यासारखी पँट इथे कुणी करून देत नाही. राजसी मग पीटीलाच जात नाही."

"होईल तशीच," विठा म्हणाली.

राजसी गेल्यावर विठा कमलेशजवळ गेली.

"कमलेशभाऊ, माप कसं घ्यायचं ते आजपासून सगळ्यांना तुम्ही शिकवा."

"भाभींनी असं काही सांगितलेलं नाही."

"मी सांगतेय. मी मॅनेजर आहे."

हे वाक्य तिने स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिने चिठ्ठी कमलेशसमोर धरली. "वर बसून मला वाटायचं, कंबर आणि उंची लिहायला काय लागतं. आज बघितलं काय लागतं ते."

त्याने हातातली टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. दुपारी जेवण झाल्यावर तो तिच्याकडे आला. "विठाताई, माप घ्यायला एक कोपरा पाहिजे. पडदा कुठे लावू?"

तिने जागा दाखवली.

कमलेश दोन सीझन तिच्याबरोबर राहिला. मग वांगणीला नव्या इमारतींच्या मधे त्याने स्वतःचं छोटं दुकान टाकलं. पहिला माल किती घ्यावा ते विचारायला त्याने विठाला बोलावलं. तिथल्या चिठ्ठ्या तिच्याकडे नव्हत्या. ती म्हणाली, "आधी शाळा दाखवा."

दोघं शाळेच्या फाटकासमोर जाऊन उभे राहिले. घंटा झाली. शे-दीडशे मुलं एकदम बाहेर सुटली, दप्तरं उडवत, एकमेकांना ढकलत. त्यांना वाट देत विठा रस्त्याच्या कडेला सरली.

"किती लिहू?" कमलेशने वही उघडून विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "बघू दे."